पुढे ढकललेली तारीख

आमच्या मोठ्या वहिनींच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली, तेव्हा घरातील सर्वांनाच हायसे वाटले. गर्भाशयातील गाठींमुळे गेली दोन वर्षे दर महिन्याला त्यांचे आठ-दहा दिवस असह्य त्रासात जात. गर्भाशय काढून टाकणेच इष्ट, असे डॉक्टरांनी सांगितले होते. दादांनी रजा टाकली, धाकट्या वहिनींनी स्वयंपाकघराचा भार उचलला, शेजारच्या मावशींनी वाडीतील मोगरा खुडून देण्याचे कबूल केले. रविवारच्या मिस्सात आजाऱ्यांसाठीच्या प्रार्थनेत वहिनींचेही नाव घेतले गेले. सोमवारी सकाळी पिशवी भरून आम्ही रुग्णालयात गेलो आणि त्याच दिवशी संध्याकाळी तीच पिशवी घेऊन घरी परतलो.

भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी रक्ताचा अहवाल पाहून शस्त्रक्रिया नाकारली होती. हिमोग्लोबिन होते ७.१. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीच्या शंभर मिलिलिटर रक्तात ते निदान १२ ग्रॅम असावे लागते.

आम्हांला राग आला, हे कबूल केले पाहिजे. इतकी तयारी, इतक्या जणांची रजा, आणि एका आकड्यासाठी सारे वाया! दादा म्हणाले, "डॉक्टर, रक्त कमी आहे तर चढवा. आम्ही तिघे भाऊ रक्त द्यायला इथेच उभे आहोत."

डॉक्टरबाईंनी आम्हांला बसवून घेतले. त्या म्हणाल्या, "अपघाताची केस असती, रक्त थांबत नसते, तर मी एक मिनिटही थांबले नसते. पण ही शस्त्रक्रिया महिना-दीड महिना थांबू शकते. रक्ताच्या एका पिशवीने हिमोग्लोबिन जेमतेम एका ग्रॅमने वाढते. दुसऱ्याचे रक्त कितीही तपासून दिले तरी ते अंगावर उमटण्याचा, छातीत पाणी साठण्याचा थोडा धोका राहतोच. लांबच्या प्रवासाला निघणारा माणूस गाठीला चार पैसे बांधतो. शस्त्रक्रियेत थोडेफार रक्त जाणारच. यांच्या गाठीला काहीच शिल्लक नाही."

पुढे आम्ही या विषयावर जे मिळेल ते वाचत गेलो, तेव्हा त्यांच्या बोलण्यातील तथ्य पटले. २०११ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात सव्वादोन लाखांहून अधिक रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हृदयाच्या शस्त्रक्रिया वगळून इतर मोठ्या शस्त्रक्रिया झालेले हे रुग्ण होते. ज्यांचे रक्त आधीपासून कमी होते, त्यांच्यात पहिल्या तीस दिवसांतील मृत्यू आणि गुंतागुंत अधिक आढळली. रक्त थोडेसेच कमी असलेल्यांतसुद्धा. आम्ही ज्याला क्षुल्लक आकडा समजत होतो, तो तसा नव्हता.

पण त्या दिवशी आम्हांला खरा धक्का बसला तो यानंतर. डॉक्टरबाई वहिनींकडे वळून म्हणाल्या, "ताई, जिना चढताना धाप लागते का?"

"लागते. पण ती वयामुळे असेल."

"किती दिवसांपासून?"

वहिनींनी दादांकडे पाहिले. दादांनी आमच्याकडे. उत्तर कोणापाशीच नव्हते.

"माती, खडू, कच्चे तांदूळ, बर्फ असले काही खावेसे वाटते का?"

वहिनी एकदम ओशाळल्या. आम्ही मात्र चकित झालो. कारण वहिनींचे कच्चे तांदूळ खाणे हा आमच्या घरातील जुना विनोद होता. तांदूळ निवडताना त्यांची मूठ तोंडाकडे गेली की आम्ही म्हणत असू, "वहिनी, पुरे करा, लेकीच्या लग्नात पाऊस पडेल!" शरीरातील लोह संपत आले की काही माणसांना अशी खा-खा सुटते, हे त्या दिवशी प्रथम कळले. कित्येक वर्षे ते शरीर आपली व्यथा सांगत होते आणि आम्ही तिला हसत होतो.

घरी परतताना गाडीत कोणी फारसे बोलले नाही. वहिनी वर्षानुवर्षे पहाटेच्या गाडीने दादरच्या फूलबाजारात जात आल्या. परतल्यावर धुणे, भांडी, सासऱ्यांचे पथ्यपाणी. दुपारी त्या भिंतीला टेकून पाच मिनिटे डोळे मिटत, तेव्हा आम्ही म्हणत असू, "वहिनींचा स्वभावच शांत." तो स्वभाव नव्हता, थकवा होता. आमच्या घरात मटण शिजत नाही असे नाही. कलेजी तर आवर्जून आणली जाते. पण ती प्रथम पुरुषांच्या ताटात, मग मुलांच्या, पाहुणा आला तर त्याच्या. वहिनी शेवटी बसत आणि रश्श्याशी भात कालवीत. प्राण्यांच्या मांसातील लोह भाजीतील लोहापेक्षा शरीरात सहज शोषले जाते. म्हणजे घरात ज्या व्यक्तीचे रक्त दर महिन्याला जात होते, तिच्याच ताटात ते भरून काढणारा घास पडत नव्हता.

हे आमच्याच घरचे नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातील १५ ते ४९ वयोगटातील शंभर स्त्रियांपैकी ५७ स्त्रियांचे रक्त कमी होते. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण शंभरांत २५ होते.

मग उपचार सुरू झाले. आम्ही नेहमीप्रमाणे बीट आणि डाळिंबे घेऊन आलो. डॉक्टरबाई हसून म्हणाल्या, "खाऊ द्या, पण लाल रंगाने रक्त होत नाही." बीटात लोह थोडेच असते. गोळ्यांनी वहिनींच्या पोटात मळमळे, शौचास खडा होई. हाताशी दिवसही मोजके होते. म्हणून दिवसाआड एक अशी पाच वेळा लोहाची औषधे सलाइनमधून दिली. पाळीचा रक्तस्राव थांबवण्याचे औषध वेगळे. कारण गळका रांजण नुसता भरत राहून उपयोग नसतो. जेवणाबरोबरचा चहा बंद झाला, त्याने लोह शोषले जात नाही. भातावर लिंबू आले, त्याने ते अधिक शोषले जाते.

मात्र सलाइन म्हणजे जादू नव्हे, हेही डॉक्टरबाईंनी स्पष्ट केले. ब्रिटनमध्ये पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी असे लोह देऊन पाहिलेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. रुग्णांचे हिमोग्लोबिन वाढले. परंतु रक्त चढवण्याची गरज किंवा मृत्यू त्यामुळे घटले नाहीत. म्हणून रक्त का कमी झाले याचे कारण आधी शोधायचे आणि ते लवकर शोधायचे. वयस्क पुरुषाच्या शरीरातील लोह घटले, तर पोटात कुठे नकळत रक्तस्राव होत नाही ना, हे पाहावे लागते. कोणाला ब-१२ जीवनसत्त्व कमी पडते, कोणाचे मूत्रपिंड थकलेले असते.

या शोधाचा एक जुना धागा आमच्या मुंबईशी जोडलेला आहे. १९२८ साली लुसी विल्स या इंग्रज डॉक्टर गरोदर स्त्रियांतील रक्तक्षयाचा अभ्यास करण्यासाठी मुंबईत आल्या. त्यांच्या रुग्णांत कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरीब स्त्रिया होत्या. त्यांच्या ताटात काय पडते, याचा विल्सबाईंनी शोध घेतला आणि यीस्टच्या अर्काने हा आजार बरा होतो, हे १९३१ साली मांडले. त्या अर्कातील गुणकारी घटक म्हणजे फॉलिक आम्ल, हे पुढे उघड झाले. वहिनींचा आजार वेगळा, लोहाचा. परंतु बाईच्या रक्ताचा हिशेब तिच्या ताटापासून मांडावा लागतो, हे त्या परक्या बाईंना आमच्याच शहरात इतक्या वर्षांपूर्वी उमगले होते.

सात आठवड्यांनी वहिनींचे हिमोग्लोबिन १०.९ झाले. तांदळाची मूठ आपोआप सुटली होती. शस्त्रक्रिया पार पडली. रक्ताची एक पिशवी राखून ठेवली होती, ती लागली नाही. तिसऱ्या दिवशी त्या स्वतःच्या पायांनी वऱ्हांड्यात चालल्या. भेटायला आलेल्या डॉक्टरबाईंना दादा म्हणाले, "तुमच्यावर फार रागावलो होतो आम्ही." त्या म्हणाल्या, "ताईंची काळजी होती म्हणूनच ना?"

आम्ही गप्प राहिलो. काळजी खरोखरच असती, तर त्या दिवशी डॉक्टरबाईंना वहिनींचा थकवा नव्याने शोधावा लागला नसता.

आता आमच्या घरी रविवारी कलेजीचे भांडे उतरले की पहिली वाढणी वहिनींच्या ताटात होते. पहिल्या रविवारी त्या संकोचाने म्हणाल्या, "आधी मुलांना वाढा." तेव्हा त्यांच्या लेकीने त्यांच्या हातातील पळी काढून घेतली आणि म्हणाली, "आई, तू बस."

वहिनी बसल्या. पण अजूनही अधूनमधून उठू पाहतात. लेकीची नजर त्यांच्यावर असते. आमचीही आता असते.