पऱ्हाटीचे बत्तीस बाइट

मराठीच्या प्राध्यापकांनी स्मृतीविषयी लिहावयास घेतले की वाचकांस आत्मचरित्रे आठवतात. आम्हां दोघांस येथे जी स्मृती अभिप्रेत आहे ती संगणकाची, आणि तिच्याकडे आम्ही वळलो ते हौसेने नव्हे. वर्ध्यातील आमच्या गुरूंनी (त्यांना या लेखात नुसते 'सर' म्हणू) अध्यापनाच्या काळात आर्वी-आष्टीपासून समुद्रपूरपर्यंत फिरून लोकांचे बोलणे वह्यांत उतरवून घेतले होते. शेतीची, कापसाची, बाजाराची, भांडणाची, बाळंतपणाची वाक्ये. समासात गावाचे नाव आणि तारीख. निवृत्तीनंतर त्यांतून एक शब्दसंग्रह सिद्ध करावा असा त्यांचा मानस होता. पण काचबिंदूने दृष्टी ओसरत गेली आणि स्वतःचेच अक्षर त्यांना वाचता येईना. तेव्हा आम्ही आणि आमच्या विद्यार्थ्यांनी त्या वह्या काही वर्षांत टंकित केल्या. सुमारे १२ लाख शब्द, संगणकाच्या मापात जेमतेम २० एमबी.

आमच्यापैकी एकीने एम.ए.ला मराठी घेण्यापूर्वी बी.एस्सी. केले होते आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे 'लेट अस सी' हे पुस्तक गिरवले होते. त्या पुंजीवर आम्ही एक प्रोग्राम लिहिला. काळ्या पडद्यावर त्याचे नाव आणि पुढे हवा तो शब्द टंकायचा. तो शब्द वह्यांत जेथे जेथे आला असेल तेथली पाच शब्द मागची व पाच शब्द पुढची ओळ वही-क्रमांकासह समोर येते. सरांनी विचारावे, आम्ही टंकावे, आलेल्या ओळी मोठ्याने वाचून दाखवाव्यात, त्यांनी अर्थ सांगावा, अशी योजना होती. वार गुरुवार.

पहिला शब्द त्यांनी विचारला तो 'पऱ्हाटी'. कपाशीच्या झाडाला आमच्याकडे म्हणतात तो. प्रोग्रामला उत्तर द्यावयास चार मिनिटांहून अधिक लागली. चार मिनिटे म्हणजे काही फार नव्हे असे वाचकांस वाटेल. पण ज्याला पडदा दिसत नाही त्याच्यासमोर, ज्या यंत्रातून केवळ चकतीची घरघर ऐकू येते अशा यंत्राशेजारी, ती बसून पाहावीत. एका दुपारी आठ-दहा शब्दांच्या पुढे मजल जाईना. चौथ्या गुरुवारी सर म्हणाले, "राहू द्या आज, तुमचा उगाच वेळ जातो." पाचव्या गुरुवारीही तेच. सरांचा उत्साह आता ओसरला, वयाचाच परिणाम, असा निष्कर्ष आम्ही परस्पर काढला. त्यांनी विचारणे सोडले होते ते आमच्या संकोचाने, हे कळावयास आम्हांला फार वेळ लागला.

दरम्यान सुधारणेचा एक प्रयत्न आम्ही स्वतः करून पाहिला. प्रोग्राम प्रत्येक ओळ वाचण्यासाठी नवी जागा मागतो आणि ओळ संपली की ती परत करतो, एवढे आमच्या ध्यानात आले होते. मग एकच जागा राखून तिच्यावरच पुढची ओळ का वाचू नये? वर्ध्यात राहणाऱ्यांना कोणतीही काटकसर गांधीजींशी नेऊन जोडण्याची खोड असते. सेवाग्रामला ते आलेल्या पाकिटांच्या कोऱ्या बाजूवर लिहीत, हे आम्ही शाळेपासून ऐकत आलो. तेव्हा हेही तसेच, असे एकमेकांना सांगून आम्ही बदल केला. परिणाम असा की 'पऱ्हाटी' विचारताच शेकडो ओळी आल्या, आणि प्रत्येक ओळ शेवटच्या वहीतले शेवटचे वाक्य होती. आम्ही शब्दांचे पत्ते नोंदवून ठेवत होतो खरे, पण ते सारे त्या एकाच जागेचे होते, आणि त्या जागेवर दर वेळी नवे लिहिले जात होते. गांधीजी पाकिटाची रिकामी बाजू वापरीत. आम्ही पत्राची भरलेली बाजू पुसून तीवर लिहिले. बदल मुकाट्याने मागे घेतला आणि नव्या संगणकासाठी कोणाकडे अर्ज करावा याचा विचार सुरू केला.

अर्ज लिहायचा राहिला, कारण मध्येच पोळा आला. आमचा एक जुना विद्यार्थी, पुण्याला याच धंद्यात असलेला, हिंगणघाटजवळच्या आपल्या गावी आला होता, तो भेटावयास आला. त्याला आम्ही प्रोग्राम दाखवला तो किंचित अभिमानानेच. घेतलेली प्रत्येक जागा परत केली पाहिजे हा सी भाषेतला नीतिनियम आम्ही कसोशीने पाळला होता. त्याने एका वहीपुरता मजकूर देऊन वालग्राइंड नावाच्या साधनाखाली प्रोग्राम चालवला. किती वेळा जागा मागितली आणि किती वेळा परत केली याचे आकडे शेवटी आले, आणि ते अगदी समसमान होते. आम्ही त्याच्याकडे पाहिले. तो हसला. "हिशेब बरोबर हाये मॅडम, पण एवढ्या चकरा काहून मारता? हा एकेक बोंड वेचून तेवढ्यासाठी मार्केटात जाऊन रायला. बंडी भरू द्या नं पयले."

त्या आकड्यांचा अर्थ त्याने समजावला तो असा. प्रोग्रामला मजकूर ठेवायला जागा हवी असते तेव्हा तो 'मॅलॉक' नावाच्या कारभाऱ्याकडे मागणी करतो. कारभारी मोकळ्या तुकड्यांच्या याद्या धुंडाळतो, बेताचा तुकडा निवडतो, त्यावर आपली नोंद करतो आणि पत्ता देतो. ६४-बिट लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीत लहानात लहान तुकडा ३२ बाइटांचा असतो. ८ बाइट नोंदीला, उरलेले २४ मजकुराला. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचे. 'व' हे एकाक्षरी अव्यय ३ बाइटांचे, समाप्तीचा एक धरून ४. तरी त्याला ३२ चाच तुकडा. आमचा प्रोग्राम प्रत्येक शब्दाच्या आगेमागचे पाच-पाच शब्द, म्हणजे त्याच्यासह अकरा, नकलून ठेवीत होता. १२ लाख गुणिले ११ म्हणजे १ कोटी ३२ लाख तुकडे. २० एमबीच्या मजकुराने ७०० एमबीच्या घरात जागा व्यापली होती. आमचे यंत्र जुने, १ जीबी मेमरीचे; जागा पुरेना तेव्हा ते भाग चकतीवर टाकी आणि पुन्हा उचली. ऐकू येणारी घरघर ती हीच.

गंमत 'पऱ्हाटी'ची आहे. हा शब्द आमच्या मजकुरात तीन रूपांत शिरला होता. कोणी थेट ऱ टंकला; कोणी साधा र टंकून त्याला नुक्ता दिला; आणि जुन्या फाँटमधून रूपांतरित झालेल्या वह्यांत र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असे होते. पडद्यावर तिन्ही एकसारखी, आत तिन्ही निराळी. पहिल्या रूपाची सात चिन्हे, २१ बाइट, समाप्तीसह २२. ते ३२ च्या तुकड्यात मावते. उरलेल्या दोहोंची आठ, म्हणजे २४ बाइट, समाप्तीसह २५; एका बाइटाने मर्यादा ओलांडली की तुकडा ४८ चा. ही रूपे एक करण्यासाठी प्रोग्राम प्रत्येक शब्दाची आधी कच्ची नक्कल करी, मग शुद्ध नक्कल, मग कच्ची परत करी. आणि शब्द अकरा निरनिराळ्या संदर्भांत येत असल्यामुळे तोच शब्द अकरा वेळा शुद्ध होई. शुद्धलेखनाचे असे कर्मकांड आमच्या विद्यापीठीय आयुष्यातही आमच्या पाहण्यात नाही.

"नक्कल कशाला करायची? तो शब्द तर फायलीत आहेच. कितव्या बाइटापासून सुरू होतो तेवढं लिवून ठेवा," तो म्हणाला, आणि आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. आमच्या व्यवसायात हे किती जुने आहे! ज्ञानेश्वरीतला शब्द दाखवावयाचा तर अभ्यासक ओवी पुन्हा उतरवीत बसत नाहीत; 'ज्ञा. ६.१४' एवढे लिहितात आणि पुढे जातात. पोथी सर्वांजवळ एकच आहे, अध्याय आणि ओवी यांचे आकडे पुरेत. हे आम्ही दरवर्षी प्रथम वर्षाच्या मुलांना सांगतो. प्रोग्राम लिहिताना मात्र आम्ही हात दुखेपर्यंत उतरवून काढणारे जुने टिपणकार झालो. खरे सांगायचे तर वर्गातही आम्ही बहुधा तेच असतो. तीच टिपणे, दरवर्षी नव्या वह्यांत.

पुढचे काम दोन दिवसांत झाले. साऱ्या वह्यांचा मजकूर एकाच सलग जागेत एकदाच वाचावयाचा. ऱ्हची रूपे तेथल्या तेथे, एकदाच, एक करावयाची. सर्वांत आखूड रूप निवडल्यामुळे मजकूर आटतो, वाढत नाही, त्यामुळे वेगळी जागा लागत नाही. मग प्रत्येक शब्दाचे केवळ ठिकाण, चार बाइटांचा एक आकडा. १२ लाख शब्दांचे ४८ लाख बाइट. आगेमागचे शब्द विचारलेल्या शब्दापुरतेच, दाखवताना कापून घ्यायचे. ज्या थोड्या गोष्टींना खरोखरच नवी जागा लागते, त्यांच्यासाठी एक मोठा सलग तुकडा आधीच मागून ठेवायचा आणि त्यातून पुढे पुढे सरकत देत जायचे. ही युक्ती नवी नव्हे. कर्निघन आणि रिची यांच्या १९७८ च्या पुस्तकाच्या पाचव्या प्रकरणात ती अवघ्या काही ओळींत दिली आहे. आमच्या कपाटात ते पुस्तक आहे. आम्ही ते प्रकरण पत्त्यांचे गणित कळावे म्हणून वाचले होते आणि उदाहरणाकडे उदाहरण म्हणूनच पाहिले होते.

या पद्धतीचा तोटाही आहे. मोठ्या तुकड्यातला मधलाच एखादा भाग परत करता येत नाही. द्यायचे तर सारे एकदम. दिवसरात्र चालणाऱ्या प्रोग्रामला हे परवडेलच असे नाही, आणि म्हणूनच कारभारी हवा असतो. त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. लिनक्सवरच्या त्या कारभाऱ्याचे मूळ डग ली यांनी १९८७ मध्ये सुरू केलेल्या कामात आहे आणि त्यानंतर कितीकांनी त्याला घासूनपुसून चपळ केले. दोष त्याच्याकडे कोटीच्या संख्येने जाणाऱ्यांचा होता.

एका मुद्द्यावर मात्र आम्ही विद्यार्थ्याशी वाद घातला. तो म्हणाला, शेवटी काहीच परत करू नका, प्रोग्राम संपला की ऑपरेटिंग सिस्टिम सगळी जागा आपसूक घेते. आम्हांला हे अनीतीचे वाटले. तेव्हा त्याने जुना प्रोग्राम पुन्हा चालवून घड्याळ लावले. उत्तर पडद्यावर उमटल्यानंतरही बराच वेळ प्रोग्राम संपत नव्हता. चकतीवर गेलेले तुकडे एकेक करून परत मेमरीत आणवून, त्यावर 'परत केले' अशी नोंद करून, मग तो प्राण सोडत होता. रद्दीत जाणाऱ्या उत्तरपत्रिका आधी आसनक्रमांकाने लावाव्यात तसे. आम्ही वाद सोडला.

नवा प्रोग्राम सुमारे २५ एमबीत मावतो, जागेची मागणी साऱ्या आयुष्यात चार-पाच वेळा करतो आणि त्याच जुन्या यंत्रावर सेकंदाच्या आत उत्तर देतो.

पुढच्या गुरुवारी आम्ही सरांना काही सांगितले नाही. 'पऱ्हाटी' टंकले आणि वाचू लागलो. सर दचकले. "आधीच काढून ठेवलं होतं का?" नाही म्हटले. त्यांनी 'धुरा' विचारला. मग 'कुटार'. मग 'वावर'. मग बोलणे आमच्या हातून सुटलेच; त्या दुपारी त्यांनी एकेचाळीस शब्द विचारले, आणि चहा गार झाला तो तसाच राहिला. अर्थ सांगण्याचे काम मात्र फारसे झाले नाही. कारण आम्ही ओळी वाचत गेलो तसे ते मध्येच थांबवू लागले: "हे असं नाही. आष्टीकडचा माणूस असं म्हणणार नाही. गाव तपासा." तपासले, तर टंकताना आम्हीच दोन वह्यांचे समास उलटसुलट केलेले निघाले. वर्धा नदीपलीकडच्या अमरावतीच्या वळणाची वाक्ये आम्ही हिंगणघाटच्या खाती घातली होती, आणि ती तेथे तीन वर्षे निर्धास्त पडून होती.

आता दर गुरुवारी दुरुस्त्यांची यादी होते. गेल्या वेळची सदतीस नोंदींची आहे, त्यांतल्या अकरा एका 'टोबणे' या शब्दाच्या. सरांचे म्हणणे, ती वही पुन्हा मुळापासून टंका.