धामणीची कात

वैशाखात नागपूरचे ऊन असे तापते, की प्रताप नगरातील अंगणे भाजून निघतात. अशा कोरड्या हवेत सापाची कात कधीकधी एकसंध सुटत नाही. तिचे तुकडे अंगाला चिकटून राहतात. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावरचा पारदर्शक खवलाही कातीबरोबरच उतरावा लागतो. तो अडकला, की दृष्टी अंधुक होते. बिचारी धामण! बिनविषारी, उंदीर खाणारी. तरी तिच्यावर काठीच उगारली जाते. जाणता सर्पमित्र मात्र तिला ओलसर कापडाच्या घड्यांत ठेवतो. कात ओढावयाची नाही. खालची कोवळी त्वचा फाटते. ओलाव्याने ती मऊ पडते आणि घड्यांतून सरपटत धामण स्वतःच ती उतरविते. १९७२ च्या कायद्याने तिला पाळण्यास बंदी आहे. ती रानात जाते. कापडात पांढुरके तुकडे तेवढे उरतात.