सहलीचे मोल

देशाटनाने मनुष्य शहाणा होतो, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. परंतु देशाटनास निघण्यापूर्वी, जावे कसे आणि किती खर्चून जावे, एवढ्याचाच निर्णय करतानाही मनुष्यास पुष्कळ शिकावे लागते, असा अनुभव आमच्या घरी आला. तो विद्यार्थी मित्रांस व त्यांच्या पालकांस उपयोगी पडेल अशा समजुतीने येथे सांगण्याचे योजिले आहे.

आमचे घर इंदापूर तालुक्यातील वरकुटे गावी. थोडा ऊस, थोडे डाळिंब आणि गोठ्यात दोन म्हशी, असा आमचा संसार. शेती थोरले बंधू पाहतात. आम्ही शिक्षकी पेशामुळे बाहेरगावी असतो. शेतकऱ्याच्या घरी सुटी म्हणून काही असत नाही, हे ग्रामीण भागातील वाचकांस सांगावयास नकोच. उसाला पाणी द्यावयाचे असते, डाळिंबाचा बहार धरलेला असतो, आणि म्हशी तर दोन वेळा धार काढल्यावाचून राहत नाहीत. आमच्या वडिलांस कन्याकुमारी पाहण्याची फार हौस होती. भूगोलाच्या पुस्तकात हिंदुस्थानचे जे शेवटचे टोक पाहिले, तेथे एकदा उभे राहावे, एवढीच त्यांची इच्छा. “यंदाचा बहार चांगला गेला म्हणजे जाऊ,” असे ते दर साली म्हणत. एके साली बागेवर तेल्या पडला, दुसऱ्या साली अवकाळी पावसाने फळ गेले, तिसऱ्या साली घराचे छप्पर निघाले. चार वर्षांपूर्वी वडील गेले, आणि ते जाणे तसेच राहिले.

गेल्या साली मात्र बाग चांगली लागली व भावही बरा मिळाला. तेव्हा बंधूंनी ठरविले की, आता आईला तरी कन्याकुमारी दाखवावयाची, आणि तीही थाटात. नाताळच्या सुटीचा बेत ठरला. आई, बंधू, वहिनी, नववीत शिकणारी पुतणी, सहावीतला पुतण्या व आम्ही, असे सहाजण. चुलत्यांनी आठ दिवस गोठा सांभाळण्याचे कबूल केले. हिशेबाचे काम मात्र शिकलेले म्हणून आमच्या गळ्यात पडले.

मार्ग तीन होते. पहिला, आपण होऊन जाण्याचा. पुण्याहून दौंड, सोलापूर या वाटेने कन्याकुमारीस थेट आगगाडी जाते. दीड दिवसाहून अधिक प्रवास. तेथे खोल्या घ्याव्या, भाड्याची मोटार करावी, आणि मदुराई, रामेश्वर पाहून परतावे. यास सहाजणांचे सुमारे पावणेदोन लाख होत होते. दुसरा, सहल कंपनीबरोबर जाण्याचा. विमान, उतरणे, जेवण, फिरणे सर्व तिच्याकडे, चाळीस माणसांचा मेळा, खर्च अडीच लाखांच्या आसपास. तिसरा मार्ग त्याच कंपनीच्या उंची सहलीचा. वीसच माणसे, पंचतारांकित हॉटेले, समुद्राकडे उघडणाऱ्या खिडक्या, आणि आकडा साडेतीन लाखांच्या पुढे. बंधूंचे मन तिसऱ्यावर बसले होते. “आयुष्यात एकदाच जाणार, मग कमी कशाला?” हे त्यांचे म्हणणे. आम्हांस त्या वरच्या एका लाखात डाळिंबाच्या जुन्या बागेचे नवे ठिबक दिसत होते.

अशी तयार सहल विकत घेण्याची चाल काही अनादि नव्हे. 1841 सालच्या जुलै महिन्याच्या 5 तारखेस इंग्लंडात टॉमस कुक नावाच्या गृहस्थाने लेस्टरहून लफबरो येथे मद्यपाननिषेधाच्या सभेसाठी सुमारे पाचशे माणसे आगगाडीने नेली. भाडे माणशी एक शिलिंग. पुढे 1872 साली त्याने पृथ्वीप्रदक्षिणेची सहल काढली. मराठी कुटुंबांत ही चाल विशेष रुजली ती गेल्या चाळीस वर्षांत. केसरी पाटील यांनी 1984 साली काढलेली कंपनी, अथवा 2013 साली वीणा पाटील यांनी काढलेली कंपनी, यांची नावे आता खेड्यापाड्यांतही ठाऊक आहेत. परदेशी गेल्यावरही आपली भाषा व आपले जेवण मिळते, हे या धंद्याच्या वाढीचे मोठे कारण होय. तथापि कुकच्याच नावाची ब्रिटनमधील जुनी पेढी 2019 सालच्या सप्टेंबरात एकाएकी बुडाली आणि परदेशी अडकलेल्या सुमारे दीड लाख प्रवाशांस तेथील सरकारला घरी आणावे लागले. हिंदुस्थानातील त्या नावाची संस्था निराळी असल्यामुळे तिला त्याची झळ लागली नाही. परंतु आगाऊ पैसे भरताना कागद नीट वाचावे, सहल रद्द केल्यास कोणत्या तारखेपर्यंत किती रक्कम परत मिळते ते बारीक अक्षरांत शोधावे, एवढा बोध त्यातून घेण्यासारखा आहे.

हे सर्व आम्ही एका रात्री जेवणानंतर ओसरीवर मोठ्या विद्वत्तेने सांगत होतो. आई शेंगा निवडीत ऐकत होती. ती म्हणाली, “अरे, यात नवं ते काय? दिंडीत आम्ही हेच करतो की.”

आणि विचार करता ते खरेच होते. तुकाराम महाराजांचे पुत्र नारायण महाराज यांनी पालखीचा सोहळा 1685 साली सुरू केला, म्हणजे कुकच्या आधी दीडशे वर्षांहून अधिक. ती पालखी दर आषाढी वारीस आमच्याच तालुक्यातून जाते. बेलवाडीचे गोल रिंगण, निमगाव केतकीचा मुक्काम, मग इंदापूर, आणि सराटीस नीरा ओलांडून पुढे. आई अनेक वर्षे त्या वाटेने चालली आहे. दिंडीत प्रत्येकाने भिशीचे पैसे आधी भरावयाचे. सामान व राहुट्या मालमोटारीने पुढे जातात. स्वयंपाकाची माणसे मुक्कामी आधीच पोचलेली असतात. पुढे पताका, मग टाळकरी, विणेकरी, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, असा क्रम ठरलेला. आणि कोणी चुकला तर दिंडीचा क्रमांक विचारीत त्याने आपल्या माणसांत यावे. यात्रेकरूची चिंता दुसऱ्याने वाहावी, ही युक्ती आपल्या लोकांस कोणा परदेशी पेढीने शिकविलेली नाही.

मग आईने जो प्रश्न केला, तो आमच्या साऱ्या कोष्टकांत कोठेच नव्हता. ती म्हणाली, “गादी कशी, खिडकी कुठं, ते राहू दे. मागं पडलेल्या माणसासाठी थांबतं कोण, ते आधी विचारून ये.”

आईचे गुडघे दुखतात. वारीत तिने मागे पडणे म्हणजे काय ते अनुभविले होते, आणि मागे पडलेल्या म्हातारीचा हात धरून चालणारी दिंडीही पाहिली होती. आम्ही पुण्यास जाऊन कंपनीच्या कचेरीत तो प्रश्न जसाच्या तसा विचारला. तेथील तरुण थोडा हसला, पण मग त्याने विचार करून उत्तर दिले. उंची सहलीत वीस माणसांमागे एक टूर मॅनेजर असतो. साध्या सहलीत चाळीस माणसांमागे एक मॅनेजर व त्याच्या हाताखाली एक मदतनीस. म्हणजे थांबणाऱ्या माणसाचा हिशेब दोहींकडे सारखाच होता. वरचा एक लाख पडत होता तो बहुतांशी खोल्यांवर; आणि त्या खोल्यांत आम्ही रात्री उशिरा येऊन, डोळे मिटून, पहाटे निघून जाणार होतो.

घरी येऊन हे सांगितले, तरी बंधूंचे समाधान होईना. शेवटी ते बोलून गेले, “आबांना आम्ही कधी काही दाखवलं नाही.” तेव्हा आम्हांस कळले की, हा वाद पैशांचा नव्हताच. आई थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “त्यांचं राहिलं ते राहिलं. माझ्या खोलीत भारी गादी घातली म्हणून ते भरून यायचं नाही. मला समुद्र दाखव, तेवढं पुरे.” बंधूंनी मान खाली घातली. दुसरे दिवशी साध्या सहलीचे पैसे भरले.

आता त्या पैशांचे चीज झाले की नाही, ते सांगतो. आधी जे उणे दिसले ते. मदुराईस सकाळी आम्हांस एका साड्यांच्या दुकानी नेले. तेथे अर्धा तास म्हणता म्हणता दीड तास गेला, आणि मीनाक्षीच्या देवळापाशी पोचलो तेव्हा दुपारची दारे लागली होती. ती संध्याकाळी चार वाजता उघडतात. मॅनेजरने सायंकाळचा बेत बदलून दर्शन घडविले खरे, परंतु त्यापायी तिरुमलै नायकाचा राजवाडा पाहावयाचा राहिला. जेथे घटकाभर बसावेसे वाटे तेथून उठावे लागे, आणि जेथे काही नव्हते तेथे मोटार थांबे. चाळीस माणसांचे घड्याळ हे कोणा एकाचे घड्याळ नसते. एकांताची वा स्वैर भटकण्याची आवड असणाऱ्याने या वाटेस जाऊ नये, असे आमचे प्रांजळ मत झाले.

परंतु दुसरे पारडेही रिकामे नव्हते. रामेश्वरास जाताना पांबनच्या खाडीवर पुतण्याने दोन रेल्वेपूल शेजारी शेजारी पाहिले. एक 1914 सालचा, आता वापरातून गेलेला, आणि दुसरा 2025 सालच्या एप्रिलात खुला झालेला, ज्याचा मधला भाग जहाजांना वाट देण्यासाठी सरळ वर उचलला जातो. त्याने मॅनेजरला इतके प्रश्न विचारले की, तो गृहस्थ दमला. पण एकाही प्रश्नाला त्याने टाळले नाही, आणि सारे मराठीत. रामेश्वराच्या देवळात बावीस तीर्थांचे स्नान असते. दगडी फरशी ओली, गर्दी दाट. आई त्या लांबच लांब ओवरीत एका खांबाला धरून उभी राहिली, आणि आमच्यापैकी कोणाच्याही ते लक्षात आले नाही. पुढच्या तीर्थापाशी माणसे मोजली तेव्हा एक कमी भरले. मदतनीस पोरगा, वीस-बावीस वर्षांचा, हातातले निशाण दुसऱ्याकडे देऊन मागे धावला. आम्ही पोचलो तेव्हा तो आईशेजारी पायरीवर बसून तिला तिच्या गावाचे नाव विचारीत होता. “घाई नाही, आजी,” तो म्हणाला, “बाकीचे नाश्त्याला जातील, आपण सावकाश येऊ.” आईच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस तेथे मिळाले.

दुसरी गोष्ट वहिनींची. तिसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता त्या सवयीने उठून बसल्या, चूल पेटवावयाची म्हणून. मग आपण कोठे आहो ते ध्यानात येऊन एकट्याच हसल्या. त्या दिवशी दुसऱ्याने केलेला चहा पेला हातात घेऊन त्या कितीतरी वेळ समुद्राकडे पाहत बसल्या होत्या. लग्नाला सतरा वर्षे झाली. इतक्या वर्षांत त्यांच्याआधी घरात कोणी चहा केला असेल असे आम्हांस स्मरत नाही. आपण होऊन गेलो असतो तर पाऊण लाख वाचले असते हे निर्विवाद. परंतु डबे, पिशव्या, मुलांची औषधे व सर्वांची जेवणे यांची चिंता पुन्हा त्यांच्याच माथी आली असती, आणि आम्ही पुरुषमंडळींनी ती वाचलेली रक्कम मोठ्या कौतुकाने मोजली असती.

कन्याकुमारीस सूर्योदयापूर्वी आम्ही किनाऱ्यावर उभे होतो. समोर 1970 साली पुरे झालेले विवेकानंदांचे शिलास्मारक, शेजारी तिरुवल्लुवर या तमिळ कवीचा 133 फुटी पुतळा. त्याच्या ग्रंथाचे अध्याय 133, म्हणून उंचीही तेवढीच. ही माहिती पुतणी आजीला सांगत होती. आईचे तिकडे लक्ष नव्हते. सूर्य वर आला तेव्हा तिने हात जोडले, आणि बंधूंकडे न पाहताच म्हणाली, “तुझ्या आबांनी सांगितलं होतं तस्संच आहे.” बंधू काही बोलले नाहीत, पण त्या सकाळपासून त्यांच्या मनावरचे ओझे हलके झाल्यासारखे आम्हांस वाटले.

तेव्हा पालकांनी अशा सहलीचा विचार करताना तीन प्रश्न स्वतःस विचारावे, असे आमचे सांगणे आहे. आपल्या घरी प्रवासाची चिंता नेहमी कोण वाहतो, आणि या पैशांनी तो खरोखर मोकळा होणार आहे काय? वरचा जादा पैसा जाग्या घटकांसाठी जातो, की झोपेच्या? आणि मागे पडलेल्यासाठी थांबते कोण? तरुण व धडधाकट मंडळींनी खुशाल आगगाडीचे तिकीट काढून आपली वाट आपण शोधावी. त्यातच त्यांचे शिक्षण आहे. वृद्ध माणसे बरोबर असतील, किंवा घरची गृहिणी वर्षानुवर्षे विसावली नसेल, तर सोबतीचे मोल देण्यात उधळपट्टी नाही. थाटाचे मोल मात्र ज्याचे त्याने ठरवावे.

वाचलेल्या लाखातून बागेला नवे ठिबक झाले आहे. विद्यार्थी मित्रहो, तुमचे आईवडील “पुढच्या वर्षी जाऊ” असे म्हणत असतील, तर एकदा त्यांजपाशी बसून विचारा की, त्यांना जावयाचे आहे तरी कोठे. आम्ही आमच्या वडिलांस ते विचारले होते. पण तारीख मात्र कधी विचारली नाही.