टेंभी नाका ते माळशेज : कॅरव्हॅनच्या टायरांची निवड

ओढून न्यायच्या कॅरव्हॅनचा टायर बहुधा झिजून बाद होत नाही, वयाने होतो. वर्षातले बरेच महिने ती एका जागी उभी असते आणि ऊन व हवेतला ओझोन रबर खात राहतात. टायर बनवताना रबरात मिसळलेलं संरक्षक मेण चाक फिरताना, दबताना पृष्ठभागावर येतं. उभ्या चाकाला ती सोय नाही. म्हणून वरची नक्षी कोरी करकरीत आणि बाजूला मात्र केसासारख्या चिरा, असा प्रकार दिसतो. टेंभी नाक्याजवळच्या आवारात उभ्या असलेल्या आमच्या कॅरव्हॅनचं तेच झालं होतं. टायरच्या बाजूला लंबगोलात १४१६ हे आकडे होते, म्हणजे २०१६ सालचा चौदावा आठवडा. ब्रिटनमधले कॅरव्हॅन क्लब पाच वर्षांनी टायर बदलायला सांगतात, सातच्या पुढे तर नकोच म्हणतात. नक्षीत उंचावलेली १.६ मिलिमीटरची खूण मोटारीच्या टायरचा निकाल लावते. ट्रेलरच्या बाबतीत त्या खुणेपर्यंत पोचण्याची वेळच सहसा येत नाही.

पाऊस ओसरल्यावर माळशेजला जायचं होतं, आणि तेही घटस्थापनेच्या आत. नवरात्रात टेंभी नाक्यावर देवीच्या दर्शनाला जी गर्दी लोटते तिच्यातून माणसाला वाट काढणं कठीण. मागे कॅरव्हॅन जोडलेल्या जीपचं तर नावच नको. बाजारातले जांभळी नाक्याकडचे रस्ते टाळून तीन हात नाका गाठला. अशा चिंचोळ्या वळणांवर एकाच एक्सलची कॅरव्हॅन परवडते. दोन एक्सल पाठोपाठ असले की वळताना चाकं जमिनीवर आडवी घासतात आणि टायरच्या भिंतीला पीळ बसतो. ट्रेलरसाठी कडक भिंतीचा टायर सांगतात त्यामागे हेही एक कारण आहे.

माजिवड्याहून साकेतचा खाडीपूल, खारेगाव, मग माणकोली. इथपर्यंत वेग मुद्दाम कमी ठेवला होता, कारण टायर जुने होते. भिवंडीच्या या पट्ट्यात गोदामंच गोदामं, आणि गोदामं आली की वजनकाटे आलेच. टायरची निवड दुकानात सुरू होते असा समज आहे. खरं तर ती काट्यावर सुरू होते. कॅरव्हॅनवर लिहिलेलं वजन रिकाम्याचं असतं. त्यात पाण्याची टाकी, गॅसचा सिलिंडर, अंथरूण-पांघरूण आणि घरच्यांनी ऐनवेळी कोंबलेली भांडीकुंडी मिळवली की आकडा बदलतो. जीपला जोडलेल्या अवस्थेत फक्त कॅरव्हॅनची चाकं काट्यावर घेतली, तेव्हा एक्सलवरचा भार १०८० किलो निघाला. उरलेला भार जोडणीवर, म्हणजे जीपच्या मागच्या चाकांवर जातो. मग एकाच बाजूचं चाक काट्यावर घेतलं : ओटा आणि टाकी असलेली बाजू ५८०, दुसरी ५००. ट्रकच्या काट्यावर दहा-वीस किलो इकडेतिकडे होणारच, पण कल पुरेसा स्पष्ट होता. टायर सरासरीवर घेत नाहीत, जड बाजूवर घेतात.

चाकांवर होते ते मोटारीचे, १८५/७० आर १४, ८८ टी. शेवटच्या अक्षराआधीचा ८८ हा भाराचा अंक आहे आणि त्याचा अर्थ ५६० किलो. म्हणजे सरळ हिशेबानेच वीस किलो जास्त. त्यात मोटारीचा टायर ट्रेलरला लावताना त्याची क्षमता १.१ ने भागावी असा अमेरिकेत नियम आहे. तसं केलं तर उरतात ५०९. टायरवर भार जास्त आणि हवा कमी असली की भिंत प्रत्येक फेऱ्याला अधिक दबते, आतून तापते आणि शेवटी पट्टे सुटतात. मोटारीत बसलेल्याला टायर बसल्याचं स्टिअरिंगवर कळतं, मागच्या कॅरव्हॅनचं कळत नाही. तेव्हा अंगावर थोडी शिल्लक हवीच. ५८० वर वीस टक्के धरले तर ६९६, म्हणजे निदान ९६ हा अंक, ७१० किलोंचा.

रांजनोलीला उजवीकडे वळून कोन, दुर्गाडीचा पूल आणि कल्याण. तिथे टायरवाल्यापुढे आकडे ठेवले. राज्याने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं खरं, पण दुकानात ट्रेलर म्हटलं की अजून उसाची ट्रॉलीच समोर येते. अमेरिकेत खास ट्रेलरचे, 'एसटी' छापाचे टायर मिळतात. आपल्याकडे ते फळीवर दिसत नाहीत. त्यांच्या जवळचा पर्याय म्हणजे टेम्पो-व्हॅनचे टायर, मापापुढे 'सी' किंवा 'एलटी' लिहिलेले. १८५ आर १४ सी, १०२/१०० हा त्यातलाच. पहिला अंक एकेरी चाकाचा, ८५० किलो. दुसरा जोडचाकाचा, ८००.

इथे घाई मात्र नडते. या टायरचा व्यास जुन्यापेक्षा सुमारे ३५ मिलिमीटरने जास्त आहे, त्यामुळे चाकाची वरची कड मडगार्डच्या सतरा-अठरा मिलिमीटर जवळ येते. पाटे पूर्ण दबल्यावर किती जागा उरते ते आधी मोजावं लागतं. आमच्याकडे ती पुरेशी होती. दुसरी गोष्ट हवेची. असा टायर पूर्ण भाराला ६५ पीएसआयपर्यंत हवा मागतो, आणि साध्या रबरी वॉल्व्हची मर्यादाही तेवढीच. म्हणून धातूचा वॉल्व्ह बसवलेला बरा. रिमलाही स्वतःची मर्यादा असते, मोटारीचं हलकं रिम या कामाचं नाही. टायरवर आयएसआयची खूण आणि ताजी तारीख बघून घ्यावी. दुकानात दोन वर्षं पडलेला टायर सवलतीत मिळतो. उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी ती सवलत महागच. एका एक्सलवरचे दोन्ही टायर एकदम बदलले, रेडियलशेजारी साधा नायलॉन लावायचा नसतो. स्टेपनीही त्याच मापाची घेतली, हे बहुतेक जण पुढच्या खेपेवर ढकलतात.

शहाड, म्हारळ, कांबा मागे टाकून मुरबाडला थांबून नट पुन्हा आवळले. नवीन बसवलेल्या चाकाचे नट थोड्या अंतरानंतर ढिले पडू शकतात. सरळगाव, टोकावडे आणि मग घाट. चढावर कॅरव्हॅनच्या टायरांना फारसं काम नसतं, ताण ओढणाऱ्या गाडीवर येतो. वर थांबल्यावर दोन्ही चाकांच्या मध्यभागी हात लावून बघितला. एक चाक दुसऱ्यापेक्षा जास्त तापलं असेल तर दोष बहुधा बेअरिंगचा किंवा चिकटलेल्या ब्रेकचा असतो, टायरचा नव्हे. परतीच्या उतारावर ब्रेकचे ड्रम तापतात, उष्णता रिममार्गे आतल्या हवेला लागते आणि दाब वाढलेला दिसतो. त्या वेळी हवा सोडायची नसते. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सकाळी थंड टायरवर मापून काय ती कमीजास्त करायची.