फ्यूज कंडक्टर

सबमिशन संपलं की आमच्या हॉस्टेलवर ‘तिरंगा’ लागतो. का लागतो ते कोणालाच माहीत नाही, सिनियर्सच्या सिनियर्सपासून लागत आलाय. १९९३ सालचा सिनेमा, म्हणजे आमच्यापैकी एकाचाही जन्म व्हायच्या आधीचा, पण पब्लिकला अख्खा पाठ. दीपक शिर्के म्हणजे प्रलयनाथ. तो शास्त्रज्ञ पळवतो, क्षेपणास्त्रं तयार करतो, ती सोडायचा हुकूम देतो आणि... काहीच होत नाही! कारण राजकुमारने फ्यूज कंडक्टर आधीच काढून घेतलेला असतो. या सीनला कॉमन रूमचं छत तेवढं उडायचं राहतं. मग इलेक्ट्रिकलच्या एखाद्या पोराला उभं करून विचारायचं, “सांग रे, फ्यूज कंडक्टर म्हणजे नक्की काय?” आजवर एकालाही सांगता आलेलं नाही. (सरांनी व्हायवात विचारून पाहावं.)

या वर्षी ‘तिरंगा’ संपल्यावर रात्री एकच्या सुमारास एका मेकॅनिकलवाल्याने हार्ड डिस्कवरून ‘थ्रेड्स’ लावला. “हा पण बॉम्बचाच आहे,” एवढंच म्हणाला. बीबीसीने १९८४ साली टीव्हीसाठी केलेली फिल्म. शेफील्ड नावाचं पोलादाच्या कारखान्यांचं शहर. एक साधं जोडपं, पोरगी गरोदर, म्हणून लग्नाची घाई. मागे टीव्हीवर युद्धाच्या बातम्या चालू, पण घरात कोणी धड ऐकत नाही. आणि मग बॉम्ब पडतो. खरोखर पडतो! सिनेमा तेव्हा अर्धासुद्धा झालेला नसतो. पुढे दवाखाने, उपासमार, थंडी, आणि त्या पोरीच्या मुलीची पुढची तेरा वर्षं. मधूनमधून पडद्यावर कोरडे आकडे टाइप होत जातात. सुरुवातीला दोघा-तिघांनी कॉमेंट मारायचा प्रयत्न केला, नंतर तोही थांबला. संपल्यावर कोणी लाइट लावायलाही उठलं नाही.

मी दिंडोशीचा. घर नागरी निवारा वसाहतीत, मागच्या अंगाला फिल्मसिटी. लहानपणापासून रात्री-अपरात्री ‘धडाम’ असा आवाज यायचा, खिडकीच्या काचा थरथरायच्या, आणि आई झोपेतच म्हणायची, “शूटिंग आहे, झोप.” त्यामुळे स्फोट म्हणजे शूटिंग हे माझ्या डोक्यात पक्कं बसलंय. आपल्या सिनेमांनीही ते कधी हलू दिलं नाही. ‘मिस्टर इंडिया’त मोगॅम्बोची क्षेपणास्त्रं त्याच्याच अड्ड्यात फुटतात. ‘१६ डिसेंबर’मध्ये दिल्लीतला अणुबॉम्ब गुलशन ग्रोव्हरच्या आवाजाने थांबतो. ‘परमाणु’मध्ये बॉम्ब फुटतो खरा, पण जमिनीखाली, आणि सगळे टाळ्या वाजवतात. एवढंच कशाला, ‘ओपनहायमर’ला आमची अख्खी विंग गेली होती, त्यात तरी हिरोशिमा कुठे दिसतं? बॉम्ब पडल्यावर काय, हा प्रश्नच तिकिटात धरलेला नसतो.

त्या रात्री झोप येईना म्हणून मी मुंबईवर बॉम्ब पडला तर काय, ते शोधत बसलो. एम. व्ही. रमणा नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये ते गणित मांडलेलं आहे. साधारण हिरोशिमाएवढा, १५ किलोटनचा एकच बॉम्ब धरला, तर पहिल्या काही महिन्यांतच अंदाजे दीड लाख ते साडेआठ लाख माणसं जातात. आपण टॉलरन्स काढतो तसा हा रेंज. वाचताना मी नकळत आमच्या सोसायटीतली घरं मोजायला लागलो आणि चौथ्या मजल्यावर थांबलो. चौथ्यावर आम्ही राहतो.

आमच्या घरात बॉम्बवरून एक भांडण झालेलं आहे. माझा जन्म नंतरचा, त्यामुळे हे आईकडून ऐकलेलं. ११ मे १९९८, बुद्धपौर्णिमा. पोखरणची बातमी आली तसे बाबा पेढ्यांचा पुडा घेऊन समोरच्या बिल्डिंगमध्ये मोठ्या काकांकडे गेले. काका मृणालताई गोऱ्यांच्या मोर्च्यांत वाढलेले. त्यांनी पुडा घेतला, उघडला, परत बांधला आणि बाबांच्या हातात ठेवला. “कोणाला मारायचं म्हणून पेढे?” बाबा म्हणाले, “मारायला नाही हो दादा, धाक म्हणून.” शब्दाने शब्द वाढला. त्या वर्षी आम्ही काकांच्या गणपतीला गेलो नाही. पुढे जाणं-येणं सुरू झालं, पण तो विषय दोघांनी परत काढला नाही. २०२१ मध्ये काका गेले.

त्यांच्या कपाटातून आमच्याकडे पुस्तकं आली, त्यात एक डीव्हीडी होती: आनंद पटवर्धनांची ‘जंग और अमन’. ही २००२ची फिल्म. सेन्सॉरने तिच्यात २१ कट सुचवले होते, पटवर्धन कोर्टात गेले, आणि २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एकही कट न लावता ती मोकळी केली. म्हणजे ज्या सिनेमांत बॉम्ब अडवतात ते सरळ थिएटरात, आणि जिच्यात बॉम्बला प्रश्न विचारले ती कोर्टातून! मला हे खटकतंच.

सुट्टीत घरच्या जुन्या डेस्कटॉपवर ती लावली, आजकालच्या लॅपटॉपला ड्राइव्ह कुठे असतो. बाबा “मी बघणार नाही” म्हणत मागे पेपर घेऊन बसले. फिल्ममध्ये ९८ चा जल्लोष येतो, पोखरणजवळच्या गावातली माणसं येतात. पाकिस्तानातल्या शाळेत एक मुलगी वक्तृत्वात बॉम्बच्या बाजूने तावातावाने बोलते आणि नंतर सांगते की तिला स्वतःला तसं वाटत नाही. इथे बाबा हसले. म्हणजे पेपर नुसता हातात होता. मग हिरोशिमातून वाचलेली म्हातारी माणसं बोलायला लागली. पेपरची घडी घातल्याचा आवाज आला.

संपल्यावर मी काही विचारलं नाही. बाबा बराच वेळ डीव्हीडीचं कव्हर उलटसुलट बघत होते. आत काकांच्या अक्षरात आमच्या बाबांचं नाव होतं, आणि खाली ‘२००४’. द्यायची राहून गेलेली.

ते उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले. साडेअकरा वाजले असतील. टेकडीकडून तो नेहमीचा ‘धडाम’ आला, काचा थरथरल्या.

“शूटिंगच आहे ना रे?” बाबांनी विचारलं.