त्रास वाढला म्हणजे रोग मरतोय?

कनेक्टिकटमध्ये संसर्गजन्य रोगांची डॉक्टर म्हणून काम करताना एक वाक्य मी सारखं ऐकते : "परवाचं सेशन लांबलं, म्हणून आज हर्क्स होतंय." सेशन म्हणजे लाइम रोगावर उपचार म्हणून घरी आणलेल्या फ्रीक्वेन्सी यंत्रासमोर बसणं, इन्फ्रारेड सॉना किंवा शिरेतून दिलेला ओझोन. हर्क्स म्हणजे त्यानंतरची कणकण, डोकेदुखी, अंग मोडून येणं; जंतू मरताहेत याची ती खूण मानतात. न्यू जर्सीच्या मराठी कुटुंबांतही हे शब्द आता ऐकू येतात. रोग आधी उफाळतो आणि मग बरा होतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलेलो असतो. त्यामुळे हर्क्सची कल्पना आपल्याला चटकन पटते.

ज्याच्या नावावरून हा रोग ओळखला जातो ते लाइम कनेक्टिकटमधलंच गाव. १९७५ च्या सुमारास तिथल्या मुलांचे गुडघे सुजू लागले. पॉली मरे या आईने त्याचा पाठपुरावा केला आणि येल विद्यापीठाच्या ॲलन स्टीअर यांनी शोध सुरू केला. पुढे विली बर्गडॉर्फर यांना गोचिडीच्या पोटात मळसूत्रासारखे पीळदार जंतू सापडले. खसखशीच्या दाण्याएवढी ही गोचीड चावते तेव्हा कळतही नाही. वेळेत निदान झालं तर डॉक्सीसायक्लिनच्या १० ते १४ दिवसांच्या कोर्सने बहुतेक जण बरे होतात. काहींचा थकवा, सांधेदुखी, विसरभोळेपणा मात्र महिनोन्‌महिने जात नाही. त्यांचं दुखणं शंभर टक्के खरं आहे. अँटिबायोटिक आणखी लांबवून ते कमी होतं का, हे अमेरिकेत आणि नेदरलँड्समध्ये मोठ्या चाचण्या घेऊन पाहिलं गेलं. २००१ आणि २०१६ साली त्यांचे निष्कर्ष आले आणि उत्तर नकारार्थी होतं. 'रिपोर्ट नॉर्मल आहेत' एवढंच ऐकून परतलेला माणूस दुसरं दार ठोठावणारच, त्याला मी दोष देत नाही.

या दारामागे हर्क्स म्हणून सांगितली जाणारी प्रतिक्रिया मात्र वैद्यकशास्त्रातूनच उचललेली आहे. ऑस्ट्रियाच्या यारिश यांनी १८९५ साली आणि नंतर फ्रँकफुर्टच्या हर्क्सहायमर यांनी सिफिलिसच्या रुग्णांत ती नोंदवली. मुंबईत शिकत असताना पावसाळ्यात लेप्टोच्या रुग्णांत मी ती पाहिली आहे. पेनिसिलिनचा पहिला डोस जातो, काही तासांत हुडहुडी भरते, ताप चढतो, कधी रक्तदाब घसरतो आणि दुसऱ्या दिवशी सगळं ओसरतं. एकाच वेळी असंख्य जंतू फुटतात, त्यांच्या आवरणातले घटक रक्तात मिसळतात आणि शरीराची दाहयंत्रणा खवळते, म्हणून हे घडतं. याच पीळदार जंतूंच्या कुळातल्या पुनरावर्ती तापात तर ताप चढत असतानाच जंतू रक्तातून दिसेनासे होतात. सुरुवातीच्या लाइममध्ये उपचार सुरू झाल्यावर शंभरातल्या सुमारे पंधरा जणांना अशी प्रतिक्रिया येते. ती पहिल्या डोसनंतर येते आणि साधारण चोवीस तासांत संपते. जंतूंचा मोठा साठा एकदा मेला की पुन्हापुन्हा फुटायला तो उरत नाही.

आता सेशनचा हिशेब पाहा. पहिल्या दिवशी मिनिट-दोन मिनिटं, मग काही दिवस वाट पाहायची. त्रास झाला नाही तर वेळ वाढवायची, फार झाला तर कमी करायची. रुग्ण वहीत हे इतक्या निगुतीने लिहितात की माझा त्यांच्याबद्दलचा आदर वाढतो. पण वहीत जंतूंचं मोजमाप कुठेच नसतं, असतो फक्त त्रास. त्रास झाला तर जंतू मेले, नाही झाला तर मिनिटं कमी पडली. यंत्र निरुपयोगी आहे, हे सांगू शकेल असा रकाना त्या वहीत नाही. सॉनात घामावाटे पाणी गेलं, रक्तदाब उतरला की डोकं दुखतंच. त्यासाठी अंगात एकही जंतू असावा लागत नाही. या यंत्रांचे मूळ जनक रॉयल राइफ यांनी सॅन दिएगोमध्ये १९३० च्या दशकात ज्या फ्रीक्वेन्सीने जंतू मरतात असा दावा केला, तिने माणसातला लाइम बरा होतो हे एकाही नियंत्रित चाचणीत सिद्ध झालेलं नाही.

मला खरी भीती वाटते ती हर्क्सच्या नावाखाली झाकल्या जाणाऱ्या गोष्टींची. छातीत धडधड किंवा भोवळ हे हृदयापर्यंत पोचलेल्या लाइमचं लक्षण असू शकतं. पुन्हापुन्हा येणारा ताप त्याच गोचिडीने दिलेल्या बबेसियाचा असू शकतो आणि त्याचं औषध वेगळं आहे. जुलाब अँटिबायोटिकमुळे, पुरळ ॲलर्जीमुळे उठलेलं असू शकतं. दीर्घ उपचारांसाठी शिरेत बसवलेल्या नळीतून रक्तात जंतुसंसर्ग होऊन माणसं दगावली आहेत. लाइमवर म्हणून टोचल्या जाणाऱ्या बिस्मथच्या इंजेक्शनविरुद्ध अमेरिकेच्या औषध प्रशासनाला २००६ साली इशारा द्यावा लागला, तोही एका मृत्यूनंतर.

वही फेकून द्या, असं मी कुणाला सांगत नाही. त्रास सेशननंतर किती तासांनी सुरू झाला, किती तास टिकला आणि ताप थर्मामीटरवर किती होता, हे तीन रकाने मी वाढवायला सांगते. सॉनाने बरं वाटत असेल तर थोडा वेळ घ्यावा, पाणी प्यावं, गरगरलं की बाहेर यावं. शिरेतून ओझोन मात्र अजिबात नको. मिनिटं मोजायचीच तर चालण्याची मोजावीत : दुसऱ्या दिवशी आडवं पडावं लागणार नाही इतकंच चालायचं आणि ते हळूहळू वाढवायचं. झोप आणि थायरॉईडकडे मी आवर्जून पाहते. शाकाहारी मराठी रुग्णांचं बी-१२ तर हटकून तपासते, कारण थकवा, मुंग्या आणि विसरभोळेपणा त्याच्या कमतरतेतही दिसतात आणि त्यावर साधा, स्वस्त इलाज आहे.

घरात कुणी असे उपचार घेत असेल तर एवढं कराच : दिवसभरात न ओसरणारा किंवा प्रत्येक सेशननंतर परत येणारा त्रास हर्क्स म्हणून सोडून देऊ नका. ताप, धडधड किंवा धाप असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा आणि कोणकोणते उपचार चालू आहेत ते काहीही न लपवता सांगा.