वेढा, दावे आणि बिले

काळी नदी आमच्या जोयडा तालुक्यात डिग्गी गावाजवळ उगम पावते आणि सुमारे १८४ किलोमीटर वाहत जाऊन कारवारजवळ अरबी समुद्रास मिळते. या एकाच नदीच्या दोन टोकांना एक परका शब्द आज सारखाच कानी पडतो. मुखाशी, कारवारच्या नौदल तळावर, तो खलाशांच्या बोलण्यात असतो. वर डोंगरात तो दोर लावून कडे चढणाऱ्या तरुणांच्या तोंडी असतो. हा शब्द म्हणजे ‘बिले’. निवृत्तीनंतर शब्दांच्या मागे लागण्याचा जो छंद आम्हांस जडला आहे, त्या छंदाने या शब्दापाशी आम्हांला बरेच दिवस थांबवून ठेवले.

शब्दाचे कूळ जुने आहे. प्राचीन इंग्रजीत ‘भोवती घालणे, वेढणे’ अशा अर्थाचे एक क्रियापद होते. त्यातून हा शब्द आला. सोळाव्या शतकात दर्यावर्दी लोकांनी त्यास नवा अर्थ दिला. डच खलाशांच्या ‘बेलेखन’ या शब्दाची छाया त्यावर पडली असावी, असे कोशकार मानतात. शिडाचा दोर ताणून झाला की तो खुंटीभोवती इंग्रजी आठाच्या आकाराने फिरवून पक्का करायचा, ही ती क्रिया. पुढे जहाजावर ‘बिले’ या हुकुमाचा अर्थ ‘पुरे, थांबा’ असाही झाला. डच भाषेत त्याच ‘बेलेखन’चा आजचा एक अर्थ पैसे गुंतवणे असा आहे. आपल्या ‘गुंतवणे’ या क्रियापदानेही धाग्यापासून ठेवीपर्यंत हाच प्रवास केला आहे. दोन दूरच्या भाषांना दोरीवरून एकच गोष्ट सुचावी, याचे आम्हांस मोठे कौतुक वाटले.

वेढ्यात एवढे बळ कोठून येते? गाठीपेक्षा येथे घर्षणाचे काम मोठे असते. गोल खांबाभोवती दोराचा एकेक फेर वाढला की धरण्याची शक्ती बेरजेने न वाढता गुणाकाराने वाढते. घर्षणाचा गुणांक ०.३ धरला, तर एका पूर्ण वेढ्याने ती सुमारे साडेसहा पट होते आणि तीन वेढ्यांनी सुमारे २८५ पट. हे गणित ठाऊक नसलेल्या आमच्या गावच्या गवळ्याने उधळलेल्या म्हशीचा दोर झपाट्याने झाडाच्या बुंध्याभोवती दोनदा फिरवलेला आम्ही लहानपणी पाहिला आहे. म्हैस जागच्या जागी थांबली आणि त्याच्या हातात दोराचे टोक नुसते सैल लोंबत होते.

गिर्यारोहकांनी हा शब्द समुद्रावरून उचलला. आरंभी ते खडकाच्या सुळक्याभोवती दोर टाकीत. मग तो सोबत्याच्या खांद्यावरून वा कमरेभोवतून घेऊ लागले. काथ्या-तागासारख्या धाग्यांचे दोर मागे पडून नायलॉनचे आले. १९५३ साली जर्मनीच्या एडेलरिड कंपनीने गाभा आणि वेष्टन वेगळे असलेला दोर बनवला, आणि १९९१ साली ‘ग्रिग्री’ नावाचे, झटका बसताच दोर आवळणारे साधन बाजारात आले. साधने बदलली, पण एक गोष्ट मात्र तशीच राहिली. जहाजावर दोर खुंटीच्या स्वाधीन करून खलाशी दुसऱ्या कामाला जातो. कड्यावर दोर माणसाच्या स्वाधीन असतो आणि त्या माणसास क्षणभरही दुसरे काम नसते. आमच्या नातवास एका शिबिरात खालून धरणारी मुलगी त्याच्याहून किरकोळ अंगाची होती. तो चढू लागला की ती ढील देई, तो थबकला की दोर आवरून घेई; नजर मात्र सतत वर. निघण्यापूर्वी त्याने विचारले होते, ‘बिले ऑन?’ तिने ‘ऑन’ म्हणेपर्यंत त्याने पाऊल उचलले नाही.

मराठीत याला काय म्हणावे? बांधण्याला आपल्याकडे शब्दांची वाण नाही. संस्कृत ‘दामन्’ म्हणजे दोर. त्याचे आपण ‘दावे’ केले, त्याच कुळातली ‘दावण’. सीमेपलीकडे जांबावलीस जाणाऱ्या आपल्या घराण्यांना ‘दामोदर’ या नावाचा अर्थ सांगावयास नको: ज्याच्या उदरास दावे बांधले तो. यशोदेचे दावे दर वेळी दोन बोटे अपुरे पडे आणि कृष्णाने स्वतः मान्य केल्यावरच ते पुरले, असे भागवत सांगते. पण ‘दावणीला बांधणे’ या वाक्प्रचारात अशा मान्यतेस जागा नाही. बांधलेल्याचे मन तेथे कोणी विचारीत नाही. ‘बिले’च्या दुसऱ्या अर्थासाठी, म्हणजे न बांधता धरून ठेवण्यासाठी, आपल्याजवळ एक नेमका शब्द नाही. ‘ढील’ आणि ‘आवर’ असे त्याचे दोन अर्धे मात्र आहेत.

मराठी मनात सर्वांत ठळक बसलेला दोर सिंहगडाचा. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे यांचे मावळे दोर लावून कडा चढले. तानाजी पडल्यावर मागे वळलेल्या मावळ्यांना सूर्याजीने ‘दोर कापले आहेत’ असे सुनावले, ही परंपरेची कथा. तेव्हापासून ‘परतीचे दोर कापणे’ हा आपल्या शौर्याचा वाक्प्रचार झाला. त्यात वावगे काही नाही. पण तो कापण्याआधी अंधारात कोणीतरी सर्वांआधी वर पोहोचून तो खडकास वा झाडास भक्कम केला असला पाहिजे आणि शेकडो माणसांचा भार त्या एका वेढ्याने पेलला असला पाहिजे. त्या माणसाच्या नावाचा वाक्प्रचार भाषेत नाही. कापणारा लक्षात राहतो, धरणारा राहत नाही.

हे सारे आम्हांस एवढे जवळचे का वाटले, ते सांगितले पाहिजे. आमचे मूळ घर जुन्या सुप्याच्या बाजूचे. १०१ मीटर उंचीचे सुपे धरण १९८७ साली पूर्ण झाले. जुने सुपे पाण्याखाली गेले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले. आपल्यापैकी अनेक घराण्यांचे असेच झाले. ज्या खुंटीस पिढ्यान्‌पिढ्या दोर बांधला होता, ती खुंटीच बुडाली. त्याआधी १९५६ साली मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलो, तेव्हाही कागदावरची एक खुंटी बदलली होती. आता मुले बेळगाव, पुणे, बेंगळुरू येथे असतात. नातवंडे कन्नड आणि इंग्रजी उत्तम बोलतात. मराठी त्यांच्या तोंडी येते ती आमच्याशी दूरध्वनीवर बोलताना. पुष्कळदा बैठकांतून ‘मुळाशी बांधून ठेवा’ असा उपदेश ऐकू येतो. आम्हांस विचारावेसे वाटते, कोणत्या खुंटीस?

मे २०२५ मध्ये कारवार येथे ‘कौंडिण्य’ हे जहाज नौदलात दाखल झाले. अजिंठ्याच्या चित्रावरून घडवलेले, गोव्याच्या दिवाडी बेटावर बांधलेले हे जहाज. त्याच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या आहेत, त्यांत खिळा नाही. शिवलेली फळी लाटेबरोबर थोडी हलते, म्हणून तडकत नाही. जुन्या खलाशांस हे ठाऊक होते; घट्टपणाइतकीच ढील त्यांनी मोलाची मानली.

आपल्या हाती उरला आहे तो दोर बहुधा याच जातीचा. चढणाऱ्याने कोठे जावे हे खालच्याने ठरवायचे नसते. पण तो विचारील तेव्हा ‘ऑन’ असे उत्तर तयार हवे, आणि तोपर्यंत नजर वर हवी. पुढच्या रविवारी नातवाचा दूरध्वनी येईल, तेव्हा तो कोणत्या भाषेत सुरुवात करतो याकडे आम्ही लक्ष देणार नाही. उत्तर मात्र मराठीतच देऊ.